हात न लागलेले पाव

सरांकडे भाड्याची खोली पाहायला गेलो, तेव्हा त्यांनी किल्लीच्या आधी माझ्या हातात पाव ठेवला. भाडं किती, पाणी कुठून आणायचं, संडास कुणीकडे, असे प्रश्न मी एसटीत बसूनच पाठ केले होते. सर म्हणाले, "पह्यले खा, मंग बोला." मी खाल्ला. बोलायला तोंड उघडलं तर दुसरा आला. पाव गोल होता, मुठीएवढा, वरून तांबूस आणि अजून कोमट. रिसोडकडच्या आमच्या गावात पाव म्हणजे आजारी माणसानं दुधात बुडवून खायची वस्तू. धडधाकट माणसानं तो नुसता खायचा असतो हे मला त्या दिवशी कळलं. भाड्याचं बोलणं राहूनच गेलं. ते मागाहून सरांच्या पत्नीनं, म्हणजे वहिनींनी, ठरवलं आणि चांगलं चोख ठरवलं.

कारंजा लाडच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवायला लागलो, त्याच शाळेत सर विज्ञान शिकवत. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, दुकानात पुन्हा गहू आणि मैदा दिसू लागला होता. सरांचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. त्यांची मुलं आता मोठ्या जागांवर आहेत आणि वडिलांच्या बाबतीत फार काटेकोर आहेत. तेव्हा ती नागपूरला आजीकडे शिकत होती, म्हणून मागची खोली रिकामी होती आणि म्हणून मी सरांच्या तावडीत सापडलो.

मी त्यांच्याकडेच जेवायला लागलो यात माझा काही मोठेपणा नव्हता. मी शेतकऱ्याच्या घरचा, सर बौद्ध. त्या काळी कोणी याचंही कौतुक केलं असतं, कोणी नावं ठेवली असती. खरी गोष्ट अशी की स्टँडजवळच्या खानावळीतली भाजी मी एक आठवडा खाल्ली होती. तिच्यानंतर माणूस कोणाकडेही जेवतो.

सर उंच होते, काटकुळे होते, आणि भर एप्रिलातही कोट घालून शाळेत येत. कोटाच्या खिशात थर्मामीटर असे. कोणी सहज म्हणालं, आज फार उकडतंय, की सर विचारत, "पुरावा?" आणि उत्तराची वाट न पाहता थर्मामीटर बाहेर काढत. आकडा पाहून कधी कधी म्हणत, कालच्यापेक्षा कमी आहे, तुम्हाला उगाच वाटतंय. मग त्या माणसाला आणखी उकडत असे. सायकल होती, पण डोक्यात काही चालू असलं की सर तिच्यावर बसत नसत, हातात धरून चालत. त्यांच्या डोक्यात नेहमीच काहीतरी चालू असे, त्यामुळे सायकल फार वर्षं टिकली.

एकदा न्हावी त्यांना म्हणाला की अमावास्येला दाढी करू नये. सरांनी पुढे बरेच दिवस दाढी फक्त अमावास्येलाच केली. मधल्या काळात ते शाळेत एखाद्या फकिरासारखे यायचे. मग आपल्याला काहीही झालेलं नाही हे दाखवायला ते न्हाव्याच्या दुकानात गेले. न्हावी म्हणाला, "तुमाले नाही झालं सर, पण माह्या धंद्याले झालं." सरांना हा पुरावा मान्य करावा लागला.

शाळेत ते पुस्तकी मराठी बोलत आणि घराचा उंबरा ओलांडला की वऱ्हाडी. पावाविषयी बोलताना मात्र मधूनच इंग्रजी शब्द येत, कारण पाव त्यांच्याकडे कामठीहून आला होता. त्यांचे वडील कामठीच्या लष्करी छावणीत, साहेब लोकांच्या मेसमधल्या भट्टीवर कामाला होते. सर लहानपणी त्या भट्टीशेजारी झोपत. साहेबांच्या रात्रीच्या जेवणाला हे छोटे गोल पाव लागत, त्यांना तिथं डिनर रोल म्हणत. सरांना कोणी नुसतं पाव म्हटलेलं आवडत नसे, पण घरात वहिनी पावच म्हणत आणि वहिनींपुढे त्यांचं चालत नसे. छप्पन साली वडिलांबरोबर नागपूरला दीक्षा घ्यायला गेल्याचं ते सांगत, आणि त्याच दमात मेसचंही सांगत. "माह्या बापाच्या हातचे रोल खाल्ल्याबिगर साहेब उठत नोहता. त्यानं कधी इचारलं नाही का पीठ कोणं मळलं." हे ते फार अभिमानानं सांगत.

खमीर ते घरीच करत. बटाट्याचं पाणी, गूळ आणि मैदा एका चिनी मातीच्या बरणीत घालून ठेवायचं आणि दर वेळी थोडं काढून थोडं भरायचं. ती बरणी थंडीत वहिनींच्या गोधडीत असे आणि उन्हाळ्यात माठाशेजारी. एकदा सरांनी तेच खमीर बाटलीत भरून, बाटलीच्या तोंडाला फुगा बांधून वर्गात नेलं. तास संपायच्या आत फुगा उभा राहिला. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, आत कोण फुंकून राह्यलं? सर इतके खूश झाले की त्यांनी त्या दिवशी धडा शिकवलाच नाही, नुसतं त्या एका प्रश्नाचं उत्तर दिलं.

आता डब्याचं सांगतो.

आमच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत सगळे डबे एकदम उघडून टेबलाच्या मधोमध ठेवायची पद्धत होती. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. सरांचा डबाही मधोमध असे. त्यात पाव असत, सोबत कधी हिरव्या मिरचीचा ठेचा, कधी गुळाचं पाणी केलेलं. सर सगळ्यांच्या डब्यातलं खात. सरांच्या डब्यातलं मी खात असे, बाकी कोणी नाही. कोणी कधी वावगं बोललं नाही. सगळे फार सभ्य होते. कोणाचा गुरुवार असे, कोणाची दाढ दुखत असे, कोणाला मैदा बाधत असे. ज्याला मैदा बाधत असे तो चहाबरोबर बाजारातले टोस्ट खात असे, पण ते टोस्ट आपल्याला कुठून माहीत, कोणाच्या हातचे.

सर या कारणांची घरी येऊन वर्गवारी करत. पोटाची कारणं, दातांची कारणं आणि देवाची कारणं. "आज देवाची जास्त होती," असं ते पायातले जोडे काढता काढता सांगत, पावसाचा अंदाज सांगावा तसं. मला वाटायचं यांना याचं काहीच वाटत नाही. मी एकदा वहिनींना तसं म्हणालो. वहिनी ठेंगण्या, तोंडानं फटकळ, गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवून देत. त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं, "भाऊ, याइले दुसरं काहीच नाही पाह्यजे. बढती नाही का बदली नाही. लोकाइनं आपल्या घरचं खावं, एवढं एकच पाह्यजे. मी म्हणते नका खाऊ बाप्पा, आपल्याच पोटाले उरते. पण याइच्या डोक्यातून थे जात नाही."

एक दिवस सर सायकल हातात धरून घरी आले ते सरळ माझ्या खोलीत. त्यांनी विचार करून ठेवला होता. म्हणाले, वांधा कशाचा आहे ते नीट पाहू. मैद्याचा नाही, दुकान सगळ्यांचं एकच. पाण्याचा नाही, शाळेतल्या टाकीचं सगळेच पितात. मिठाचा नाही, गुळाचा नाही. मग उरला हात. "आपुन हात काढून टाकू, मास्तर. बाकी सगळं तेच ठेवू. अन् पाहू, खातात का."

मला आधी वाटलं की ते रागानं बोलताहेत. पण सर वर्गात प्रयोग मांडावा तसे बोलत होते. पीठ मळण्यापासून भट्टीत जाईपर्यंत माणसाचा हात लागणार नाही असं मशीन त्यांना करायचं होतं.

पहिलं मशीन वहिनींच्या शिलाई मशीनवर झालं. वरचं मशीन उतरवून त्या जागी ॲल्युमिनियमचं पातेलं, पातेल्यात लोहाराकडून करून आणलेलं लोखंडी पातं, आणि खाली वहिनींची ती पाय मारायची फळी. सर खुर्चीवर बसून पाय मारत आणि पातेल्यात पीठ गरगरत असे. वहिनींची पोलकी आठवडाभर अडकली. पाव उत्तम झाले. सरांनी स्टाफरूममध्ये डबा उघडताना मशीनचं सगळं वर्णन केलं. संस्कृतचे मास्तर शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, "पाव पायानं मळतात असं आमची आजी सांगायची. आम्हाला खोटं वाटायचं."

डबा तसाच परत आला. सरांना मात्र वाईट वाटलं नाही. ते म्हणाले, आक्षेप बरोबर आहे, पाय आलाच. वहिनींची फळी वहिनींना परत मिळाली.

दुसऱ्या मशीनला दांडा होता आणि तो फिरवायला मी होतो. त्याबद्दल फार लिहीत नाही. त्या पावांनी खिळा ठोकता आला असता.

तिसऱ्या मशीनसाठी सर अकोल्याला जाऊन जुन्या बाजारातून एक मोटर घेऊन आले. ती एसटीत मांडीवर ठेवून आणली आणि वाटेत कोणालाही तिला हात लावू दिला नाही. ती सुरू झाली की आमच्या गल्लीतले दिवे मंद होत आणि शेजारचा रेडिओ खरखरायला लागे. पण काम करी. मोटर पट्ट्यानं पातं फिरवी. पीठ फुगलं की पातेलं कलतं करायचं, आणि ते खाली शेवयांच्या मशीनसारख्या पण मोठ्या तोंडाच्या नळीत उतरायचं. नळीच्या तोंडाशी पत्र्याची सुरी होती, ती गोळे कापी. गोळे तेल लावलेल्या ताटात आपोआप पडत आणि ताट एका पत्र्याच्या पेटीत सरकवायचं, तिच्या खाली आणि वर निखारे. सुरुवातीला गोळे ताटाबाहेर पडत आणि कोंबड्यांचं भागे. मग सरांनी नळी वाकवली.

सगळं जमल्यावर त्यांनी एका रविवारी हेडमास्तरांना सहकुटुंब पाहायला बोलावलं. हेडमास्तर मोठ्या शेतीवाडीवाल्या घरचे, स्वभावानं सरळ, कोणाचं वाईट न चिंतणारे. त्यांच्या पत्नीला सगळी शाळा बाई म्हणे. बाईंच्या हातच्या स्वयंपाकाचं गावात नाव होतं. हेडमास्तरांनी मोटर पाहिली, पट्टा पाहिला, दोनदा वा वा म्हणाले. बाई मात्र वहिनींशेजारी उकिडव्या बसून त्या बरणीतलं खमीर किती वेळ पाहत होत्या, आणि हे आंबतं की फसफसतं, किती दिवस राहतं, असं बारीक बारीक विचारत होत्या. पाव निघाले. सर ताट घेऊन पुढे झाले. हेडमास्तर म्हणाले, आम्ही आत्ताच जेवून निघालो. पण लगेच असंही म्हणाले की स्नेहसंमेलनाच्या दिवशी स्टाफच्या चहाला हेच असू द्या, मशीनचे म्हटल्यावर काही प्रश्न नाही.

"कोणता प्रश्न?" सरांनी विचारलं.

"कोणताच नाही," हेडमास्तर म्हणाले.

आता एवढ्यावर दुसरा माणूस थांबला असता. सरांनी ठरवलं की चहाला दोन ताटं ठेवायची. एकात मशीनचे, दुसऱ्यात हातानं मळलेले. मैदा तोच, खमीर तेच, भट्टी तीच. ताटापुढे चिठ्ठी. मी त्यांना म्हणालो की सर, नका करू, आहे ते गोड मानून घ्या. ते म्हणाले, "एकाच ताटानं काहीच सिद्ध होत नाही." मी मराठीचा मास्तर, मला यावर काय बोलता येणार.

संमेलनाच्या दिवशी सर पहाटेच शाळेत गेले, कारण लाउडस्पीकरचं काम त्यांच्याकडे होतं. मी नाटकाच्या पोरांच्या मिशा चिकटवायला गेलो. एक लॉट मशीनवर काढायचा आणि एक हातानं मळायचा, हे वहिनींवर सोपवलं होतं. दुपारी मी घरी येऊन दोन्ही टोपल्या घेऊन गेलो. वहिनींनी कुठली कशाची ते दाखवलं आणि पदर खोचून माझ्या मागोमाग आल्या.

चहाच्या वेळी दोन ताटं मांडली गेली. पुढे सरांच्या सुवाच्य अक्षरातल्या चिठ्ठ्या, मशीन आणि हात. आधी थोडा वेळ सगळे चहाच पीत राहिले. मग हेडमास्तरांनी मशीनच्या ताटातला एक उचलला. मग संस्कृतच्या मास्तरांनी. मग भराभर. मैदा बाधणाऱ्यांनी दोन खाल्ले. मऊ आहे, हलका आहे, यंत्राचं काम वेगळंच असतं, असं बोलणं चाललं. कोणीतरी म्हणालं की आता पोळ्यांचंही मशीन काढा सर. बाईंनी एक पाव घेतला, त्याचा तुकडा मोडून आतून पाहिला, हळूहळू खाल्ला आणि दुसरा घेतला. हातच्या ताटातला एक मी घेतला. बाकी ताट मांडलं होतं तसं राहिलं. माशी बसू नये म्हणून वहिनींनी त्यावर फडकं टाकलं.

घरी येताना सर सायकल हातात धरून चालत होते आणि ते भरलेलं ताट कॅरिअरला बांधलेलं होतं. घरात येऊन त्यांनी कोट काढला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "निकाल लागला. हातच होता." एवढंच. पण त्यांचा आवाज मला आवडला नाही. प्रयोग यशस्वी झालेल्या माणसाचा तो आवाज नव्हता.

वहिनी चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "दोन्ही माह्याच हातचे होते."

सर वळून पाहायला लागले.

"पहाटपासून आपल्या गल्लीत लाइट नोहती. मशीन चाललीच नाही. मंग काय करते? दोन्ही घाणे मीच मळले. एक या टोपलीत टाकला, एक त्या टोपलीत."

सरांनी पहिली गोष्ट विचारली ती अशी की मीठ दोन्हींत सारखं होतं का. वहिनी म्हणाल्या, एकाच परातीतलं पीठ आहे, मीठ काय वेगळं असणार. मग सरांनी विचारलं, मला का नाही कळवलं. वहिनी म्हणाल्या, कळवलं असतं तर तुम्ही सगळी परीक्षाच रद्द केली असती आणि लोक कोरडा चहा पिऊन गेले असते. यावर सर खाली बसले. मग ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार आनंद झाला होता. मी म्हणालो की सर, उद्या भर स्टाफरूममध्ये सांगू या. यापेक्षा मोठा पुरावा तुम्हाला जन्मात मिळायचा नाही.

"नाही," सर म्हणाले. "पोटात गेलं थे गेलं, मास्तर. सांगतलं तर कोणी तोंड धुईन, कोणी घरी जाऊन आंघोळ करीन. मले थे पाहाचं नाही."

वहिनी मात्र भांडं आपटून म्हणाल्या, "खाल्लं माहं, अन् नाव मशीनचं झालं." तो विषय त्या रात्री तिथंच संपला.

संमेलनानंतर सरांचे दिवस फिरले. स्टाफरूममध्ये त्यांनी डबा उघडला की कोणीतरी विचारी, मशीनचे का? सर म्हणत, मशीनचे. ते खोटंही नव्हतं, आता रोज मशीनच चाले. डबा रिकामा होई. सरांनी मोठा डबा घेतला. पुढे मधल्या सुट्टीत संस्कृतचे मास्तर स्वतः हात पुढे करून डबा ओढायला लागले. सर घरी येऊन वर्गवारी करेनासे झाले. जोडे काढताना गुणगुणत. एकदा तर ते सायकलवर बसून घरी आले. त्यांना सुखी झालेलं मी तेवढ्याच दिवसांत पाहिलं, आणि खरं सांगतो, मला ते सुख खोटं आहे असं वाटलं नाही. वहिनी रोज डबा भरून देत.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा एका बाजाराच्या दिवशी सकाळी बाई आल्या. एकट्या आल्या. हातात स्टीलचा मोठा डबा होता. मुलीचा साखरपुडा ठरला होता, पाहुणे नागपूरचे, शिकलेले. त्यांच्या चहाला तुमचे ते मशीनचे पाव पाहिजेत, अशी त्यांची मागणी होती. सर आत भिंतीला टेकून वाचत बसले होते, ते ऐकता ऐकता उठून उभे राहिले. हेडमास्तरांच्या घरच्या कार्यात, त्यांच्या पाहुण्यांच्या पानात आपल्या घरचं वाढलं जाणार. सरांनी इतक्या वर्षांत मनात जे काही धरलं असेल, ते यापेक्षा मोठं नसणार. ते दारात येऊन म्हणाले, "देतो ना बाई, किती पाह्यजे तेवढे करून देतो."

"जरा थांबा," वहिनी म्हणाल्या. मग त्या बाईंकडे वळल्या. "बाई, एक सांगते. संमेलनात तुमी खाल्ले थे मशीनचे नोहते. आमच्या गल्लीत लाइट नोहती त्या दिवशी. माह्या हातचे होते."

सरांनी दाराची चौकट धरली. मी माझ्या खोलीच्या दारात उभा होतो, आत जावं की थांबावं ते मला कळेना. बाई काही वेळ डब्याच्या झाकणाकडे पाहत राहिल्या.

"मले वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "पातं पीठ तोडते, हात तोडत नाही. खाल्ल्यावर समजते थे."

"तरी दुसरा घेतला तुमी."

"हाव. घेतला." बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुमी हातानंच करून द्या. मले चालते. फक्त पाहुण्याइले मशीनचे म्हणून सांगू. आपल्या दोघींतच राहू द्या."

बाईंच्या मनात खोट नव्हती. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो, त्यांना खरंच वाटत होतं की आपण वहिनींना काहीतरी मोठं देऊ करतोय. आणि एका परीनं त्या देतही होत्या.

वहिनी म्हणाल्या, "मंग मशीनीलेच सांगा बाई."

बाई रिकामा डबा घेऊन गेल्या. त्यांची पाठ वळल्यावर सर आता बायकोला बोलतील अशी माझी खात्री होती. हातातोंडाशी आलेला घास होता, तिनं घालवला होता. सर दारापुढच्या ओट्यावर येऊन उभे राहिले. मग एवढंच म्हणाले, "नागपूरचे पाहुणे खाऊन गेले असते."

"खाऊन गेले असते," वहिनी म्हणाल्या, "पण आपलं नसतं खाल्लं." आणि त्यांनी परात आतून उचलून ओट्यावर आणली, मैदा ओतला आणि भर रस्त्यावरून दिसेल असं मळायला बसल्या. बाजाराला जाणारी माणसं थांबून पाहत होती. सर आत गेले. मला वाटलं, रुसले. ते हात धुऊन बाहेर आले आणि परातीच्या पलीकडच्या बाजूला बसले. त्यांना मळता येतं हे मला माहीत नव्हतं. भट्टीशेजारी झोपलेला माणूस, त्याला येणारच.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कोणीतरी सवयीनं विचारलं, मशीनचे का? सर म्हणाले, "नाही. हातचे. आमच्या दोघांच्या." संस्कृतच्या मास्तरांना आठवलं की त्यांचा उपास आहे. सरांनी सगळ्यांच्या डब्यातलं थोडं थोडं घेतलं आणि नेहमीसारखं जेवले. त्यांचा डबा त्या दिवशी आम्ही दोघांनी संपवला, आणि पुढेही बहुतेक आम्हीच संपवत असू. मशीनची मोटर त्यांनी एका रसवंतीवाल्याला देऊन टाकली.

हेडमास्तरांच्या मुलीच्या साखरपुड्याला आम्हाला तिघांनाही बोलावणं होतं. सर कोट घालून निघाले. पाहुण्यांची पंगत उठल्यावर स्टाफची पंगत बसली आणि आम्हाला तिच्या टोकाला जागा मिळाली. पुरणाच्या पोळ्या होत्या. बाई स्वतः वाढत होत्या, एका हातात पोळ्यांचं ताट, मागून तुपाची वाटी घेऊन दुसरी कोणी. नागपूरचे पाहुणे शेजारच्या खोलीत पान खात बसले होते, त्यांना सगळं ऐकू येत होतं. सरांनी पोळी पोटभर खाल्ली. वहिनीही मान खाली घालून जेवत होत्या. बाई त्यांच्यापुढे आल्या तेव्हा वहिनींनी मान वर केली.

"पोळी लय चांगली झाली बाई," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मशीनीवर केली का?"

बाईंच्या हातातलं ताट जिथं होतं तिथंच राहिलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "हातानं केली."

"मंग वाढा अजून एक," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पान पुढे सरकवलं.